चौदा महिन्यांची मर्सिडीज

आमच्या घरी मर्सिडीज आहे, हे वाक्य मी आयुष्यात फार जपून वापरले आहे. पहिल्यांदा वापरले ते शाळेच्या शिक्षकखोलीत. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि अगदी सौम्य स्वरात विचारले, "नव्या कादंबरीत का?"

त्यांचाही दोष नव्हता. ज्याचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले आहे, जो मुलांना चित्रकला शिकवतो, भंडाऱ्याच्या रस्त्यांवरून सायकलने शाळेत येतो आणि ज्याच्या दोन कादंबऱ्यांचे न खपलेले गठ्ठे अजून घराच्या माळ्यावर पडून आहेत, त्याच्या दारात मर्सिडीज असेल असे कोणाला वाटावे? पण आहे. कौलारू पडवीत, धानाच्या रिकाम्या पोत्यांशेजारी ती उभी आहे. रंग एके काळी पांढरा होता. आता तो ताकासारखा म्हणता येईल.

ती १९८१ सालची, दोनशे चाळीस डी. डी म्हणजे डिझेल. मर्सिडीज म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे राजेरजवाडे येतात. पण ही त्या घराण्यातली कामकरी बाई. १९७६ पासून दहाएक वर्षांत या घडणीच्या सुमारे सत्तावीस लाख गाड्या निघाल्या आणि त्यांतल्या किती तरी जर्मनीत टॅक्सी म्हणून धावल्या. हिची ताकद बहात्तर अश्वशक्तीची. कारध्याच्या पुलावर एखादी नवी छोटी मोटार हिला सहज मागे टाकते. त्याबद्दल हिने कधी वाईट वाटून घेतल्याचे मला दिसले नाही.

ती आमच्या घरी कशी आली, ते सांगायचे तर आधी बाबांचे सांगितले पाहिजे.

बाबा मूळचे ट्रकवरचे क्लीनर. टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपूरला मालमोटारी बांधायला सुरुवात केली. हा करार १९६९ पर्यंत चालला. त्या काळच्या टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रकच्या नाकावर ती तीन टोकांची चांदणी असायची. मुंबई-कलकत्ता हमरस्ता आमच्या भंडाऱ्यातून जातो. साठीच्या दशकात तेरा-चौदा वर्षांचे बाबा त्या रस्त्यावरच एका चांदणीवाल्या ट्रकवर चढले आणि रायपूरपर्यंत जाऊन आले. पुढे क्लीनरचे ड्रायव्हर झाले. शेवटपर्यंत ते मर्सिडीज हा शब्द म्हणत नसत. "चांदणी" म्हणत.

१९८६ साली इथल्या एका राईस मिलच्या मालकांनी मुंबईत, वकिलातीच्या वापरलेल्या गाड्यांच्या लिलावात ही मोटार घेतली. चांदणीची ओळख म्हणून तिच्यावर बाबांची नेमणूक झाली. अठरा वर्षे त्यांनी ती चालवली. २००४ साली मिल बंद पडली. बाबांचा चौदा महिन्यांचा पगार थकला होता. ते तो मागायला गेले आणि संध्याकाळी गाडी घेऊन परत आले. मालकांनी कागदांवर सह्या करून दिल्या होत्या. आई दारात आली. तिने गाडीकडे पाहिले, बाबांकडे पाहिले आणि विचारले, "हिले खायचं कसं?"

या प्रश्नाला बाबांपाशी उत्तर नव्हते. त्यांनी गाडी पडवीत लावली, फडक्याने पुसली आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर कामाला गेले.

मला त्या गाडीचा मनापासून राग होता. पगार बुडाला हे एक कारण झाले. पण राग त्याहून जुना होता. मी बारा वर्षांचा असताना आई आणि मी लाखनीच्या बसस्टँडवर उभे होतो. आजोळहून येत होतो. पावसाळ्याचे दिवस, हातात तांदळाची पिशवी, एसटीचा पत्ता नाही. तेवढ्यात साकोलीकडून ती पांढरी गाडी आली. मागची सीट रिकामी होती. बाबांनी आम्हांला पाहिले. गाडी हळू झाली. मी पिशवी उचललीसुद्धा. आणि गाडी पुढे निघून गेली. तिथून भंडारा वीस-बावीस किलोमीटर. आम्ही रात्री नऊ वाजता भिजून घरी पोचलो, तेव्हा बाबांनी चुलीवर पाणी तापवून ठेवले होते. "गाडी मालकाची आहे," एवढेच ते म्हणाले. आई काही बोलली नाही. मी मात्र पुढची कित्येक वर्षे बोलत राहिलो. कधी तोंडाने, कधी गप्प राहून.

२०१५ साली बाबा गेले. गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. २०१९ च्या उन्हाळ्यात मी एका भंगारवाल्याला बोलावले. वजनावर भाव ठरला. "काही सामान असेल तर काढून घ्या," असे तो म्हणाला, म्हणून मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत एक जाड, पुठ्ठ्याची वही होती. तेलाच्या बोटांचे ठसे पडून तिची पाने कडक झाली होती. बाबांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे. पण त्यांनी अठरा वर्षे त्या वहीत रोज लिहिले होते. तारीख, किलोमीटर, डिझेल किती, तेल केव्हा बदलले, कुठला आवाज आला, तो कशाने गेला. माझ्या दोन्ही कादंबऱ्या मिळून त्या वहीएवढ्या भरणार नाहीत.

भंगारवाल्याला मी चहा पाजून परत पाठवले.

आता मला मोटारीतले काय कळत होते? काहीच नाही. पण चित्रकलेच्या मास्तराला निदान नीट पाहता येते, आणि गावात माणसे होती. आमच्या जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. तिथून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्या गल्लीतच राहतात. त्यांनी बॉनेट उघडले, पट्टी घालून तेल पाहिले, हाताने इंजिन थोडे फिरवून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे मेलं नाही जी. झोपलं आहे. पण उठवताना घाई कराल तर मरून जाईल."

घाई करायची सोयच नव्हती. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, शाळा बंद पडल्या आणि मला वेळच वेळ मिळाला. मी वही उशाशी घेऊन निजत असे.

पहिले काम डिझेलचे. इतकी वर्षे उभ्या गाडीच्या टाकीत डिझेल राहिलेले नसते, काळा चिखल राहतो. या गाडीची टाकी मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीत असते. तिच्या तळाशी एक जाळी बसवलेली असते. ती काढली तर आतून डांबरच निघाले. टाकी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले. इंजेक्टरांवरच्या सुती वेष्टणाच्या बारीक नळ्या हात लावताच भुगा झाल्या. त्या नव्या आणल्या. पंपावर एक पांढरी मूठ असते. ती सैल करून खालीवर दाबत राहिले की नळीतली हवा निघून डिझेल पुढे सरकते. मी ती किती वेळा दाबली ते विचारू नका. विहिरीचा हातपंप मारावा तसे ते काम.

ते करताना मला एका बाईची फार आठवण येई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाची जर्मन गृहिणी नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून माहेरी निघाली. मानहाइमहून फोर्टझहाइम शंभर किलोमीटरच्या वर. तोवर मोटारीने इतका लांबचा प्रवास कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तेव्हा तिने ती हॅटच्या पिनेने साफ केली. ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा गावातल्या चांभाराकडून त्याला चामडे मारून घेतले. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. मोटारीचे पेटंट १८८६ चे, कार्ल बेंझच्या नावाचे. त्यात पैसा बराचसा बर्थाच्या माहेरचा. कागदावर तिचे नाव नाही. पण ती नळी कशाने मोकळी होते हे पहिल्यांदा तिच्या बोटांना कळले.

गंजाचे काम सर्वांत कंटाळवाणे. आमच्याकडे पावसाळा मोकळ्या हाताने येतो. जॅक लावायच्या जागा, चाकांवरच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा, हेडलाइटच्या मागचा कोपरा, जिथे जिथे पाणी थांबले तिथे तिथे पत्रा पापडासारखा झाला होता. सडलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, तांबडा प्रायमर मारायचा. रंग मात्र मी जुनाच ठेवला. मिस्त्री म्हणाले, "चमकवायची नाही का जी?" मी म्हटले, "चालू द्या आधी."

गियरचा दांडा तर पातेल्यातल्या पळीसारखा कुठेही फिरत होता. त्या दांड्याखाली सळ्यांच्या जोडांत छोटे प्लॅस्टिकचे बुश असतात. ते झिजून नाहीसे झाले होते. परदेशातून मागवता आले असते, पण टाळेबंदीत टपाल येणार कसे? अखेर पितळ कामाला आले. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव. आमच्या लहानपणी दिवसभर हातोड्यांचा आवाज ऐकू यायचा. स्टील आले आणि तो आवाज विरळ झाला. एका म्हाताऱ्या कारागिराकडे मी झिजलेल्या बुशाचे माप आणि हाताने काढलेले चित्र घेऊन गेलो. त्यांनी जुन्या लेथवर पितळेचे बुश कातून दिले. "गंगाळाचंच पितळ आहे बापा," ते म्हणाले, "शंभर वर्षं काही होत नाही." तेव्हापासून आमच्या मर्सिडीजचे गियर भंडाऱ्याच्या गंगाळावर पडतात.

मग इंजिनाच्या झडपा. या जुन्या इंजिनात त्यांची फट अधूनमधून हाताने जुळवावी लागते. इंजिन थंड असताना आत येणाऱ्या झडपेला दहा शतांश मिलिमीटर, बाहेर सोडणारीला तीस. पातळ पोलादी पट्टी फटीत सरकवायची. ती अडखळत सरकली पाहिजे. अगदी सैल नको, अगदी घट्टही नको. वहीत बाबांनी लिहिले होते : "पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी. पाण्यातून नाही." कारखान्याच्या पुस्तकात हे वाक्य नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत एका सकाळी किल्ली फिरवली, तापतारांचा पिवळा दिवा लागून विझला आणि इंजिन चालू झाले. आधी एका पायावर लंगडत, मग दोन, मग चारही. गल्ली धुराने भरली. पोरे नाचली. मिस्त्रींनी टोपी काढून पुन्हा घातली. आई ओट्यावर इडलिंबू चिरत होती. ती उठली नाही, पण तिचा हात थांबला.

आणि मग गंमत अशी झाली की गाडी बंद होईना. किल्ली काढून खिशात घातली तरी इंजिन आपले चालूच!

याचे कारण असे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी तोडली की काम झाले. डिझेलला ठिणगी नसते; दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. म्हणून त्याला थांबवायचे तर डिझेलच तोडावे लागते. या गाडीत किल्ली फिरवली की एका नळीतून हवा ओढली जाते आणि त्या ओढीने पंपातले डिझेल बंद होते. हीच ओढ दारांची कुलपेही चालवते. नळ्यांचे जाळे गाडीभर पसरलेले. कुठेतरी एक भोक असले की सगळी ओढ तिथून निघून जाते. सुदैवाने इंजिनावर 'स्टॉप' लिहिलेला एक खटका असतो. दोन आठवडे मी दर वेळी बॉनेट उघडून, खटका दाबून गाडी बंद करत होतो. मिस्त्रींनी पंप पाहिला, नळ्या पाहिल्या, हात टेकले.

तेव्हा मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आतापर्यंत अडले की चाळत होतो; या वेळी ओळ न ओळ वाचली. तिसऱ्या रात्री नोंद सापडली. "मागचे डावे दार. कुलपाचा फुगा फाटला. त्याने गाडी बंद होत नाही. नळीत खिळा घालून बांधली." मागचे डावे दार म्हणजे मालकांचे दार. सर्वांत जास्त उघडले गेलेले. सकाळी दाराचे अस्तर काढले. नळी होती, बांधलेला दोरा होता. खिळा गंजून खाली पडला होता.

पण त्या नोंदीच्या आधी चार पानांवर दुसरी एक नोंद होती, आणि ती मी शोधत नव्हतो. "१२ जुलै १९९२. पाऊस. साकोलीहून रिकामी. लाखनी स्टँडवर घरचे उभे. डावा वायपर नवा टाकणे."

एवढेच. मी कादंबऱ्या लिहितो. हा प्रसंग माझ्या हाती लागता तर मी त्याची तीन पाने केली असती. गाडी हळू झाली तेव्हा त्यांच्या मनात काय काय आले ते सगळे सांगितले असते. त्यांनी वायपर लिहिला. डावा वायपर ज्या काचेपुढे फिरतो, त्या काचेतून डाव्या बाजूला उभी असलेली माणसे दिसतात. ती त्यांना नीट दिसली नव्हती, की फार नीट दिसली होती? मी वही मिटली आणि दाराला नवा रबरी फुगा बसवला. किल्ली फिरवली. इंजिन एक उसासा टाकून थांबले.

ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची हकीकत मी नंतर वाचली. त्याचीही दोनशे चाळीस डी, आमच्या गाडीच्या आधीच्या घडणीची, १९७६ सालची. तिच्यावर त्याने सेहेचाळीस लाख किलोमीटर केले आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयाने ठेवून घेतली. त्याच साली इथे बाबांच्या हातातून चाक सुटले. दोघांनी गाडी सारखीच जपली असेल. फरक इतकाच की तो आपल्या बायकोपोरांना बसवू शकत होता. गाडीच्या कागदावर नाव कोणाचे याने गाडीला काही कळत नाही, असे मी पूर्वी लिहिले असते. आता लिहिणार नाही. गाडीला नसेल कळत. स्टँडवर उभ्या असलेल्या पोराला कळते.

कागद मात्र पुढे मलाही पुरे पडले. वारसाची नोंद, नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर, उशिराचा दंड. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या मोटारींना विंटेज म्हणून वेगळा मान द्यायचे ठरवले. आमची त्यात बसत नाही. तरुण नाही आणि पुराणवस्तूही नाही. चाळिशी ओलांडलेल्या मास्तराला हे दुःख सांगावे लागत नाही. कचेरीतल्या साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सही केली आणि विचारले, "हिचा उपयोग काय?" आईचाच प्रश्न, फक्त प्रमाण भाषेत.

त्याचे उत्तर मला गेल्या दिवाळीत सुचले. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडया भरतात. दिवसा दंडार, खेळणी, जिलब्या, रात्री नाटक. लाखनीजवळच्या आईच्या माहेरगावी मंडई होती. आई ओट्यावर बसून चिंचेने पितळी समई घासत होती. मी म्हटले, "आई, गाडीनं जाऊ."

"कायले? एसटी आहे नं."

"बाबांची गाडी आहे."

ती समई घासत राहिली. मग म्हणाली, "घासत नाही राहिलं तं पितळही कारं पडते," आणि हात धुऊन लुगडे बदलायला आत गेली.

मी मागचे डावे दार उघडून धरले. ती बसली. मांडीवर पिशवी, पाठ सीटला न टेकवलेली. कारध्याचा पूल आला, खाली वैनगंगा भरून वाहत होती. ती काही बोलली नाही. कापणीला आलेले धान दोन्ही बाजूंना पिवळे झाले होते. लाखनीचे स्टँड आले तेव्हा ती म्हणाली, "थांबव."

मी थांबवली. मला वाटले, आता ती काहीतरी बोलेल. तिने स्टँडकडे पाहिलेही नाही. दार उघडून उतरली आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसली.

"मागून नुसती पाठ दिसते," ती म्हणाली. "अठरा वर्षं त्या लोकायले त्याची पाठच दिसली असन."

मग तिने खिडकी खाली करून भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि मंडईच्या गावापर्यंत सोलत राहिली. टरफले गाडीतच टाकली. मी काही म्हटले नाही.

रात्री घरी आल्यावर वही काढली. शेवटच्या नोंदीखाली बाबांच्याच पद्धतीने लिहिले : तारीख, किलोमीटर, डिझेल. तेलाचा दाब ठीक. तिसऱ्या गियरला बारीक आवाज, पाहणे. आई जाताना लाखनीपर्यंत मागे, तिथून पुढे.

तेल बदलायला अजून सातशे किलोमीटर आहेत.